आईची एकच वही: बांबोळीचे डॉक्टर आणि फोंड्याच्या वैद्यबाई

आईच्या केसपेपरवर डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या. पहिलीत डिप्रेशन, दुसरीत सुरुवातीचा डिमेन्शिया, आणि दुसरीच्या पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह सुटायला बरेच महिने लागले. त्या काळात बांबोळीचं इस्पितळ आणि फोंड्यातल्या वैद्यबाईंचं चिकित्सालय अशा दोन्हीकडे आमच्या खेपा चालू होत्या. आता ओळखीपाळखीतून फोन येतात. "आयुर्वेद सुरू करू का? इंग्लिश गोळ्या बंद करू का?" बहुतेकांचा प्रश्न हाच असतो. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहावं म्हणून बसले आहे.

आई फोंडा तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होती. गोवा मुक्त झाल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या. तशा एका शाळेत ती तरुणपणी रुजू झाली आणि निवृत्त होईपर्यंत फळ्यासमोर उभी राहिली. म्हार्दोळला घर, मागे कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, संध्याकाळी देवळात बायकांचं भजन. बाबा गेले आणि यातलं एकेक सुटत गेलं. आधी भजन, मग कुळागरात फिरणं, मग वर्तमानपत्र. पहाटे तीनला उठून ओसरीवर बसायची. जेवण पानात तसंच राहायचं. सगळे म्हणाले, दुःख आहे, वेळ जाऊ दे. मलाही तसंच वाटत होतं. पण दुःखात माणूस मधुमेहाची गोळी सकाळी दोनदा घेत नाही, आणि पेज करपल्याचा वास घरभर पसरला तरी तिथेच पाटावर बसून राहत नाही. एकदा ती मला म्हणाली, "बाय, म्हाका कांयच उगडास येना. आता म्हाका व्हर म्हणून सांग देवाक." त्या वाक्याने मला हलवलं. विसरल्याची तक्रार आणि मरणाची मागणी एकाच श्वासात आली होती.

बांबोळीला न्यायचं म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "आल्तिनोक व्हरतली म्हाका?" तिच्या पिढीला हे समजतं. आज बांबोळीला असलेली मनोरुग्ण उपचारांची सरकारी संस्था पूर्वी पणजीला आल्तिनोवर होती. आबे फारियांच्या नावाचं इस्पितळ. संमोहनाच्या अभ्यासासाठी जगभर नाव झालेला कांदोळीचा तो माणूस, त्याचा पुतळा पणजीत आपण रोज बघतो. पण जुन्या लोकांच्या तोंडी आल्तिनो म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, आणि तिथे गेलेला परत येत नाही. मी तिला खोटं सांगून नेलं नाही. "झोप लागत नाही, त्याचे डॉक्टर आहेत, मी सोबत बसणार, संध्याकाळी घरी येणार," एवढंच आणि खरं तेच सांगितलं.

तिथे तपासणी कशी होते ते जरा सविस्तर सांगते, कारण लोकांना तीच भीती असते. डॉक्टर आधी माझ्याशी बोलले, मग तिच्याशी एकटीशी. तिला "बाई" म्हणून हाक मारली. शिक्षिकेला ते बरं वाटलं. आजची तारीख, वार, आपण कुठल्या गावात आहोत, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारणं, 100 मधून 7 वजा करत जाणं, कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणं. घड्याळाचा गोल तिने सुरेख काढला, फळ्यावर काढायची तसा. आकडे मात्र सगळे उजव्या अर्ध्या भागात दाटले. 30 पैकी 19 गुण पडले. पण डॉक्टरांचं लक्ष गुणांपेक्षा ती उत्तरं कशी देते याकडे होतं. काही प्रश्नांना ती विचार न करताच "नाही ठाऊक" म्हणत होती. काही प्रश्नांना चुकीचं उत्तर ठामपणे देत होती. त्यांनी मला नंतर समजावलं: डिप्रेशनमध्ये माणूस प्रयत्नच सोडतो, त्यामुळे स्मरणशक्ती आहे त्यापेक्षा जास्त गेल्यासारखी दिसते. डिमेन्शियात माणूस बहुधा उणीव झाकायला बघतो. आईमध्ये दोन्ही होतं. म्हणून ते प्रश्नचिन्ह.

त्यांनी तिला सरळ विचारलं, "बाई, जीव द्यावासा वाटतो का?" मी दचकले. आई दचकली नाही. "देवाने न्यावं असं वाटतं, स्वतः काही करावं असं नाही," असं तिने शांतपणे सांगितलं. कोणीतरी विचारलं याचा तिला आधारच वाटला असावा, कारण त्यानंतर ती मोकळेपणी बोलायला लागली. डॉक्टरांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कागदावर लिहून दिला. रात्री-अपरात्री कधीही फोन करता येतो. तो आजही फ्रीजवर चिकटवलेला आहे.

मग रक्ताच्या तपासण्या: बी-12, थायरॉइड, सोडियम, साखर, किडनी, लिव्हर. ईसीजी, मेंदूचा एमआरआय, आणि कानांची तपासणी. कानांची कशाला असं मी विचारलं. ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मोठं कारण मानलं जातं, असं ते म्हणाले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने 2024 मध्ये अशी 14 कारणं दिली आहेत. त्यांत ऐकू न येणं, डिप्रेशन, मधुमेह, रक्तदाब, एकटेपणा आणि न सुधारलेली दृष्टीही आहे. आईच्या यादीत त्यातली बरीच होती. बी-12 फार खाली गेलं होतं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे दिसतं, आणि बाबा गेल्यापासून तिने मासळीही सोडली होती. एमआरआयमध्ये स्मृतीशी संबंधित भाग वयापेक्षा जास्त आकसलेला निघाला.

अजून एक गोष्ट निघाली. झोप लागावी म्हणून आई रोज रात्री सर्दीची एक जुनी गोळी घेत होती. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, घेतली की गुंगी येते. त्या जातीच्या गोळ्या मेंदूतल्या अॅसिटिलकोलीन या रसायनाच्या आड येतात, आणि स्मरणशक्तीला नेमकं तेच लागतं. डिमेन्शियाचं औषध ते रसायन टिकवण्यासाठी देतात. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. गोळी त्याच दिवशी बंद झाली. घरात म्हाताऱ्या माणसाच्या उशाखाली काय काय असतं ते एकदा बघा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

उपचार एकदम सुरू केले नाहीत. आधी बी-12 ची इंजेक्शनं आणि डिप्रेशनसाठी सर्ट्रालीन, अगदी लहान मात्रेत. असर दिसायला चार ते सहा आठवडे लागतील, मधेच सोडायचं नाही, आणि या गोळ्यांनी वयस्कर माणसाचं सोडियम उतरू शकतं, त्यामुळे गोंधळ किंवा थकवा अचानक वाढला तर आधी रक्त तपासा, असं बजावलं. काही महिन्यांनी गुण परत घेतले तेव्हा 23 झाले. आई हसायला लागली होती, पानातलं संपवत होती. जे चार गुण परत आले ते डिप्रेशनने झाकलेले होते. जे सात आले नाहीत, ते डिमेन्शियाचे. तेव्हा डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह खोडलं आणि डोनेपेझिल 5 मिलिग्रॅम सुरू केलं. हे औषध आजार बरा करत नाही, काही काळ कामकाज टिकवून धरतं, हे त्यांनी लपवलं नाही. रात्री घेतल्यावर तिला भयंकर स्वप्नं पडू लागली, म्हणून ते सकाळी द्यायला सांगितलं. स्वप्नं थांबली.

मग आयुर्वेद कशासाठी, असं कोणी विचारेल. गोळ्या काम करत होत्या तरी घरात बरंच उरलं होतं. झोप तुटक होती. कोठा जड. अंग कोरडं पडून खाज. दिवेलागणीला तिची तगमग सुरू व्हायची. स्वतःच्या ओसरीवर बसून "घरी जाऊया" म्हणायची. शिवाय आमच्या घरात आजीपासून काढा, तेल, लेप हे चालत आलेलं. आईचाच त्यावर विश्वास होता. ज्या माणसाच्या हातून एकेक गोष्ट निसटते आहे, त्याचा विश्वास असलेली गोष्ट काढून घेणं मला बरोबर वाटलं नाही. बांबोळीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "घ्या. पण पोटात जाणारं काहीही मला दाखवल्याशिवाय नको. लेबलचा फोटो आणा."

वैद्यबाईंनी पहिल्या भेटीत तासभर घेतला. नाडी, जीभ, नखं, त्वचा. किती वाजता उठते, पहिली तहान कधी, शौचाला कसं, दुपारी झोपते का, कोणाच्या आवाजाने घाबरते, कोणाच्या आवाजाने शांत होते. शेवटचे दोन प्रश्न मला कोणीच विचारले नव्हते. इस्पितळातला सगळा तपास त्यांनी पान न् पान वाचला. मग म्हणाल्या, "स्मृती परत आणून देईन असं मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका. झोप, भूक, कोठा आणि भीती यांवर आपण काम करू. गोळ्या आहेत तशाच चालू राहतील."

मेध्य रसायनांबद्दल, म्हणजे बुद्धी-स्मृतीसाठी सांगितलेल्या औषधांबद्दल, मी ऐकून होते, म्हणून विचारलं. चरकाच्या चिकित्सास्थानात चार सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क, आणि त्यांत शंखपुष्पी विशेष. वैद्यबाईंनी ती चारही आईच्या यादीशेजारी ठेवून तपासली. ज्येष्ठमध नको, कारण तो रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो, आणि आईला रक्तदाब आहे. गुळवेल नको, कारण मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर जास्त उतरू शकते, आणि गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, पण तिच्या वयात जोखीम कशाला घ्यायची. अश्वगंधा आज जो तो घेतो, पण आई थायरॉइडची गोळी घेते आणि अश्वगंधेने थायरॉइडचं प्रमाण वाढू शकतं, म्हणून तीही नको. शास्त्र ग्रंथात असतं आणि औषध माणसाला द्यायचं असतं, हे मला त्यांच्या त्या नकारांतून कळलं. नको म्हणणारा वैद्य भेटला की मला धीर येतो.

याच सुमारास दादाने मुंबईहून "स्मरणशक्ती तल्लख करणारं" एक चूर्ण आणि काही गोळ्या पाठवल्या. त्याच्या ओळखीच्या कोणाला म्हणे फार गुण आला होता. चूर्णाच्या डब्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक नव्हता, बॅच नंबर नव्हता. गोळ्यांमध्ये धातूचं भस्म होतं. वैद्यबाईंनी दोन्ही बाजूला सारलं. भस्माचं औषध शास्त्रोक्त शुद्धी झालेलं आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच घ्यायचं, टपालाने आलेलं नाही. 2004 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यांतल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं तर मेंदूलाच बाधतं. आईच्या स्मृतीसाठी आणलेल्या डब्यातून तेच तिच्या पोटात गेलं असतं तर? दादाला वाईट वाटलं. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी करायचं असतं, हे मला कळत होतं. मी त्याला श्रवणयंत्राचा खर्च उचलायला सांगितला. त्याने तो आनंदाने उचलला.

कुळागरात पाटाच्या कडेने एकपानी, म्हणजे मंडूकपर्णी, भरपूर उगवते. मामी रोज तिचा वाटीभर रस काढून आईला पाजायला निघाली होती. वैद्यबाई म्हणाल्या, जेवणात चटणी, तंबळी करा, पूर्वीपासून करत आलात तशी. औषध म्हणून वाटीभर रस नको. मामीची चटणी आता आठवड्यातून एक-दोनदा असते, ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालून. आई ती बोटाने चाटून खाते.

शेवटी पोटातून एकच गोष्ट ठरली: थोडं ब्राह्मी घृत, सकाळी कोमट पाण्याबरोबर. कोलेस्टेरॉलचा ताजा रिपोर्ट बघून मात्रा ठरवली. ब्राह्मीवर आधुनिक अभ्यास झाले आहेत. निरोगी प्रौढांवरच्या काही लहान चाचण्यांत सुमारे 12 आठवडे घेतल्यावर आठवण्याच्या कसोट्यांत थोडा फरक दिसला. डिमेन्शिया झालेल्यांत ती उपयोगी पडते असं म्हणण्याइतका पुरावा नाही. हे वैद्यबाईंनीच सांगितलं.

इथे ती वही कामी आली. पहिल्या दिवसापासून मी एकच वही ठेवली होती. डाव्या पानावर पोटात जाणारं सगळं, कोणी दिलं, कधी सुरू झालं, मात्रा किती. उजव्या पानावर झोप, शौच, नाडी, रक्तदाब आणि दिवस कसा गेला त्याची एक ओळ. दोन्ही डॉक्टर त्याच वहीत लिहायचे. एकदा बांबोळीची आणि फोंड्याची तारीख एकाच आठवड्यात आली. तिकडे डोनेपेझिल 5 वरून 10 झालं, इकडे घृताची मात्रा किंचित वाढली. चार दिवसांत आईला जुलाब, मळमळ आणि उठताना चक्कर. नाडी 50 च्या आसपास उतरलेली. वहीची दोन पानं फोनवर पाठवली आणि कारण लगेच सापडलं. डोनेपेझिलने नाडी मंदावते आणि पोट बिघडतं, हे माहीतच होतं. ब्राह्मीतही प्रयोगशाळेत तसाच, डोनेपेझिल ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करतं त्याच विकरावर काम करणारा गुण दिसला आहे. दोघांचा भार एकत्र पडला असावा. ईसीजी काढला, डोनेपेझिल परत 5 वर आलं, घृत पूर्ण बंद झालं. आई सावरली. वैद्यबाईंनी घृत पुन्हा सुरू केलं नाही. "त्यांचं औषध आणि माझं औषध एकच काम करत असेल, तर ज्याची मात्रा नेमकी मोजता येते ते राहू दे," असं त्या म्हणाल्या. त्यानंतरचा नियम असा की नवीन काहीही एका वेळी एकच, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे दुसरं काही बदलायचं नाही.

म्हणजे आयुर्वेदाची पोटातली औषधं आमच्याकडे जवळजवळ उरलीच नाहीत. रात्री थोडा त्रिफळा, एवढंच. पण आयुर्वेद उरला आणि तो बाहेरून उरला.

शिरोधारेची खोली लहान, अर्धवट अंधाराची. लाकडी द्रोणी, वर टांगलेलं भांडं, त्याच्या तळातून सोडलेली वात. कपाळापासून चार बोटं वर. आधी अंगाला तेल, मग डोळ्यांवर पट्टी आणि भुवयांवर कापसाची वळी, तेल डोळ्यांत उतरू नये म्हणून. पट्टी बांधताच आई ताडकन उठून बसली. अनोळखी जागा, अंधार आणि डोळे बांधलेले. ज्याची आठवण आधीच दगा देते आहे त्याला हे केवढं भयंकर वाटत असेल! वैद्यबाईंनी त्या दिवशी धारा केलीच नाही. पुढच्या वेळी पट्टीऐवजी हाताने कपाळाशी आडोसा धरला, दार उघडं ठेवलं आणि मला पायाशी बसवलं. मी तिचा अंगठा धरून राहिले. कोमट तेलाची धार एका भुवईपासून दुसऱ्या भुवईपर्यंत सावकाश जायची आणि परत यायची. थोड्या वेळाने तिच्या पायाची बोटं सैल झाली. ती सैल झाल्याचं माझ्या हाताला कळलं. त्या रात्री ती पहाटे पाचपर्यंत झोपली. स्मरणशक्तीवर धारेचा काही परिणाम झाला असं मी म्हणणार नाही. झोपेवर नक्की झाला, आणि नीट झोपलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही बदलतात. नस्यही सांगितलं होतं, नाकात अणु तेलाचे दोन थेंब. आईला ते मुळीच आवडलं नाही, तेव्हा सोडून दिलं.

रोज फोंड्याला जाणं शक्य नव्हतं. म्हणून घरी पादाभ्यंग, म्हणजे तळपायांना तेल चोळणं, सुरू केलं, तिळाचं तेल आणि काशाची वाटी घेऊन. दिवेलागणीच्या थोडं आधी, म्हणजे तगमग सुरू व्हायच्या आतच. तळव्यावर वाटी फिरवली की काळं उतरतं. आई ते पुसलेलं फडकं दरवेळी बघते आणि "एवढं मळ!" म्हणते. तेवढ्या वेळात ती कुठेही जायचं म्हणत नाही. वेळ ठरलेली, माणूस ठरलेलं, वास ठरलेला. पेज सकाळी दहाला, उकड्या तांदळाची. दुपारी झोप अर्ध्या तासाच्या वर नाही. सूर्य असताना ओसरीबाहेर एक फेरी. बांबोळीच्या समुपदेशकांनी नेमकं हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं होतं: दिवसाला आकार द्या, आवडीचं लहानसं काम रोज करायला लावा. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी अशा पद्धतीने डिप्रेशनच्या रुग्णांना मदत केली, तो संगात या संस्थेचा अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. वैद्यबाई त्याला सत्त्वावजय म्हणतात, आयुर्वेदातला मनाचा उपचार. नाव कुठलंही द्या, करावं घरच्यांनाच लागतं.

आईचं लहानसं काम शेजारच्या मुलाने शोधून दिलं. तो चौथीत. त्याला दिडकी-औटकी, म्हणजे दीड आणि साडेतीनचे पाढे, हे काय असतं ते ठाऊकच नव्हतं. आईला त्या दिवशी वार सांगता आला नव्हता. पण त्याने विचारताच ती ताठ बसली. "एक दीड दीड, बे दीड तीन, तीन दीड साडेचार..." एका दमात दहापर्यंत, आणि मुलगा अडखळला तिथे हाताने मांडीवर ताल. जुनं, घोटून घोटून बसलेलं सगळ्यांत शेवटी जातं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते असं दिसतं. आता तो आठवड्यातून काही संध्याकाळी येतो. ती त्याचं नाव दरवेळी विसरते. त्याला त्याचं काही वाटत नाही.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. एक नातेवाईक ठासून सांगत होते की आता आयुर्वेद चालू आहे ना, मग त्या इंग्लिश गोळ्या बंद करा, त्यांनी किडनी जाते. सर्ट्रालीन असं अचानक सोडलं तर चक्कर, अस्वस्थपणा येतो आणि उदासी परत उसळते. डॉक्टर आणि वैद्यबाई, दोघांनीही हे स्पष्ट सांगितलं. ज्या आईने मरण मागितलं होतं तिच्या बाबतीत हा प्रयोग मी करणार नव्हते. कोणीही करू नये.

आणि माझ्याबद्दल. पहिल्या वर्षात माझीच झोप गेली होती, चिडचिड वाढली होती. डिमेन्शियाच्या घरात औषधाइतकीच मदत सांभाळणाऱ्या माणसाला लागते, आणि याचा पुरावाही गोव्यातूनच आलेला आहे. इथल्या घरांत प्रशिक्षित कार्यकर्ते जाऊन काळजीवाहकांना शिकवत, ऐकून घेत, योजना आखून देत. तो अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला आणि सांभाळणाऱ्यांचा ताण त्यात खरोखर कमी झालेला दिसला. मला ते कळल्यावर मी वहिनीला बोलावून घेतलं. वर्षातून दोनदा ती येऊन राहते, तेव्हा मी पणजीला मैत्रिणीकडे जाऊन नुसती झोपते. वैद्यबाईंनी मलाही एक पान दिलंय वहीत. त्यावर माझी झोप लिहायची.

सध्या आईचे गुण 22 आहेत. डॉक्टर म्हणतात, घसरण आहे, पण सावकाश. पुढच्या भेटीत सोडियम आणि बी-12 परत बघायचं आहे, श्रवणयंत्राचा आवाज जुळवून घ्यायचा आहे, आणि पावसाळ्यात धारा चालू ठेवायची की नुसतं पादाभ्यंग पुरे, ते फोंड्याला विचारायचं आहे. दादाचा परवा पुन्हा फोन आला, दुसऱ्या कुठल्यातरी गोळ्या मिळाल्या आहेत म्हणून. या वेळी त्याने आधी लेबलचा फोटो पाठवलाय. तो मी दोघांनाही पुढे पाठवला.